विहिरीची पातळी आणि मातीतले जस्त

‘रासायनिक खते घालून घालून जमिनीचे सगळे सत्त्व गेले, आता तिच्यात ना जस्त उरले, ना लोह,’ हे वाक्य तुम्ही पारावर, एस. टी.त किंवा घरी जेवताना एकदा तरी ऐकले असेल. याच्या अगदी उलट बोलणारेही भेटतात. ‘खताने जमिनीला काही होत नाही; पोते घाला आणि पीक मोजा,’ असे ते म्हणतात. दोघेही ठामपणे बोलतात, आणि दोघांनीही सहसा काही मोजलेले नसते. माझे मत असे आहे की, हा वाद मोजल्यावाचून सुटणार नाही, आणि एकदाच मोजूनही सुटणार नाही. तेच शेत, तीच पद्धत, तोच हंगाम असे वर्षानुवर्षे मोजत राहिले, तरच खताने जमिनीचे काय केले हे कळते. आपल्याकडे हे काम फार थोड्या ठिकाणी चालते, आणि जेथे चालते तेथे त्याची वाहवा कोणी करीत नाही.

प्रथम थोडे गणित करू. वही घ्या.

एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. नांगराखाली येणारा वरचा थर १५ सेंटिमीटरचा धरू. मातीचे घनफळ झाले १,५०० घनमीटर. एका घनमीटरला साधारण दीड टन वजन धरले, तर या थरातील मातीचे वजन २,२५० टन, म्हणजे साडेबावीस लाख किलोग्रॅम होते. आता पुष्कळ जमिनींत एका किलोग्रॅम मातीत एकूण जस्त ५० मिलिग्रॅमच्या आसपास असते. गुणाकार करा. हेक्टरी ११२ किलोग्रॅमच्या वर जस्त निघाले!

पीक यातले किती उचलते? गव्हाचे हेक्टरी ४० क्विंटल धान्य आले आणि धान्याच्या एका किलोग्रॅममागे ३५ मिलिग्रॅम जस्त असले, तर शेतातून १४० ग्रॅम जस्त बाहेर गेले. काड आणि दुसऱ्या हंगामाचे पीक मिळून आपण सढळ हाताने वर्षाला अर्धा किलोग्रॅम धरू. म्हणजे ११२ किलोग्रॅमचा साठा संपायला सव्वादोनशे वर्षे लागतील. ‘तीस वर्षांच्या खताने जमिनीतले जस्त संपले’ या वाक्याचा हिशेब येथेच बसत नाही.

मग पिकावर जस्ताची उणीव दिसते ती खोटी का? मुळीच नाही. १९६६ साली हिमालयाच्या पायथ्याशी तराई भागात, पंतनगरच्या कृषी विद्यापीठात, भातावरच्या एका विचित्र विकाराचा उलगडा झाला. पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके पडत, रोप खुजे राही आणि शेतेच्या शेते बसून जात. लोक त्याला ‘खैरा’ म्हणत. हा बुरशीचा किंवा विषाणूचा रोग असावा असे सर्वांना वाटे. डॉ. वाय. एल. नेने हे स्वतः वनस्पतिरोगतज्ज्ञ; त्यांनी दाखवून दिले की येथे जंतू नाहीच, भाताला जस्त मिळत नाही. झिंक सल्फेट आणि चुना यांची फवारणी केली की पीक सावरते. आता गंमत पाहा. तराईची ही जमीन शेकडो वर्षे कसलेली नव्हती. जंगल तोडून ती लागवडीखाली आणल्याला तेव्हा जेमतेम दोन दशके झाली होती. दीर्घकाळ घातलेल्या खतांवर हा दोष टाकता येत नाही. चुनखडीयुक्त माती, भाताच्या खाचरात साचलेले पाणी आणि भरपूर अन्न मागणारे नवे वाण, या तिघांनी मिळून ही उणीव उघडी पाडली.

जमिनीत जस्त असणे आणि ते मुळांना मिळणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मातीतले बहुतेक जस्त चिकणमातीच्या खनिजांत, लोहाच्या व मंगलाच्या ऑक्साइडांत, चुनखडीत आणि सेंद्रिय पदार्थांत अडकून बसलेले असते. मुळांना घेता येते ते मातीच्या ओलाव्यात विरघळलेले आणि विरघळण्याच्या बेतात असलेले. ही उपलब्धता ठरविण्यात मोठा हात असतो मातीच्या सामूचा. सामू एकाने वाढला की मातीच्या पाण्यात विरघळू शकणारे जस्त सुमारे शंभर पटींनी घटते. लोह तर हजार पटींनी. आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनींचा सामू अनेक ठिकाणी आठच्या आसपास आणि वर चुनखडी. म्हणून तेथे उसावर, भुईमुगावर केवडा पडतो. शिरा हिरव्या राहतात आणि मधले पान केवड्यासारखे पिवळे पडते. पायाखाली किलोग्रॅमला हजारो मिलिग्रॅम लोह पडलेले असताना पीक लोहासाठी तडफडत असते!

मला या सगळ्याला विहिरीची उपमा सर्वांत योग्य वाटते. डोंगराच्या पोटात पाणी पुष्कळ असेल, पण शेतकऱ्याच्या कामाचे ते, जे विहिरीत उतरते. विहिरीत आज किती पाणी आहे हे पातळीवरून कळते. झरे कसे आहेत हे मात्र रोज उपसा करून आणि रोज पातळी पाहूनच कळते. मातीतील एकूण जस्त म्हणजे डोंगरातले पाणी. प्रयोगशाळा आपल्याला सांगते ती विहिरीची पातळी. आणि खतांच्या परिणामाविषयीचा खरा प्रश्न झऱ्यांचा आहे.

ही पातळी मोजतात कशी? विद्यार्थ्यांनी हे समजून घ्यावे, कारण अहवालावर छापलेला आकडा ज्या रीतीने काढला ती रीत ठाऊक नसेल, तर त्या आकड्याला अर्थ नाही. जगभर चालणारी एक पद्धत अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात डब्ल्यू. एल. लिंडसे आणि डब्ल्यू. ए. नॉर्व्हेल यांनी बसविली आणि १९७८ साली तिचा तपशील प्रसिद्ध केला. डीटीपीए नावाचे एक सेंद्रिय रसायन आहे. खेकडा नांग्यांत भक्ष्य धरतो तसे त्याचे रेणू धातूचे आयन चारी बाजूंनी पकडून धरतात. या रसायनाच्या सौम्य द्रावणाचे २० मिलिलिटर १० ग्रॅम मातीवर घालायचे, दोन तास हलवायचे, गाळायचे, आणि गाळलेल्या पाण्यात जस्त, लोह, मंगल व तांबे किती उतरले ते मोजायचे. द्रावणाचा सामू ७.३ वर बांधलेला असतो आणि त्यात थोडे कॅल्शियम क्लोराइड असते. का बरे? द्रावण आम्ल असते तर त्याने मातीतला चुनाच विरघळविला असता, आणि चुन्यात अडकलेले, मुळांना कधीच न मिळणारे जस्तही आपण ‘उपलब्ध’ म्हणून मोजले असते.

गाळलेल्या पाण्यातील धातू मोजण्यासाठी वापरतात तो अणुशोषण वर्णपटमापक. चुलीत मीठ पडले की ज्योत पिवळी होते, हे तुम्ही पाहिले असेल. तापलेला सोडियम स्वतःचा ठराविक रंग फेकतो. ज्या रंगाचा प्रकाश मूलद्रव्य फेकते, त्याच रंगाचा प्रकाश त्याचे अणू शोषूनही घेतात. ऑस्ट्रेलियातील ॲलन वॉल्श यांनी १९५५ साली दाखविले की, ज्योतीतून असा प्रकाश सोडून तो किती शोषला गेला हे पाहिले, तर मूलद्रव्याचे प्रमाण अचूक काढता येते. त्यापूर्वी एकेका नमुन्यातील जस्तासाठी रसायनतज्ज्ञाला बराच वेळ घालवावा लागे. आता बऱ्याच प्रयोगशाळांत याहून वेगवान यंत्रे आली आहेत. बोरॉनसाठी मात्र डीटीपीए चालत नाही. मातीत गरम पाण्याने किती बोरॉन सुटतो ते पाहतात.

आता या रीतीतला जो मुद्दा बहुतेक ठिकाणी सांगितला जात नाही, तो सांगतो. दोन तास हलविल्यावर मातीतले जस्त सुटण्याचे थांबत नाही. तीन तास हलवा, आणखी निघेल. मातीचे कण अधिक बारीक दळा, तरीही आकडा बदलेल. म्हणजे ‘०.६’ हा आकडा मातीत कोठे स्वतंत्रपणे ठेवलेला नाही. अमुक मातीला, अमुक द्रावणाने, अमुक वेळ विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर आहे. लिंडसे आणि नॉर्व्हेल यांनी कोलोरॅडोतील ७७ मातींवरून मक्यासाठी जस्ताची किमान मर्यादा ०.८ ठरविली, म्हणजे दशलक्ष भागांत ०.८ भाग; आणि प्रत्येक पिकासाठी ही मर्यादा वेगळी काढावी लागेल, असे स्पष्टपणे बजावले. भारतात आपण बहुधा ०.६ ही मर्यादा वापरतो. मग ०.७ जस्त असलेली माती कोलोरॅडोच्या मापाने उणी आणि आपल्या मापाने पुरेशी! यात कोणी चुकलेले नाही. पीक वेगळे, माती वेगळी, म्हणून रेषाही वेगळी. पण ही रेषा म्हणजे जणू उत्तीर्ण होण्याचे ३५ गुण, असे समजून ०.५९ ला जस्त घाला आणि ०.६१ ला घालू नका असे सांगणारा सल्लागार भेटला, तर त्याच्याकडे जरा संशयाने पाहावे.

शिक्षकांसाठी येथे एक गोष्ट मुद्दाम लिहितो. दशलक्ष भागांत ०.६ म्हणजे १० ग्रॅम मातीत केवळ ६ मायक्रोग्रॅम जस्त. एवढ्या थोड्या पदार्थाच्या मोजणीत घाण मिसळायला वेळ लागत नाही. पत्र्याच्या ज्या बादलीत माती कालवतात, तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो. मातीची चाळण पितळेची असली तर पितळ म्हणजे तांबे आणि जस्तच. गंजलेले खुरपे मातीत लोह सोडते. रबराच्या बुचातही जस्ताचे संयुग असते. आणि नमुना खताच्या रिकाम्या पोत्यात भरून आणणारे महाभाग तर गावोगाव आहेत. म्हणून नमुना लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या साधनांनी घ्यावा, प्लॅस्टिकच्या घमेल्यात कालवावा आणि सावलीत कागदावर वाळवावा. उन्हात किंवा भट्टीत तापविलेल्या मातीतून मंगल व लोह वेगळ्याच प्रमाणात सुटतात. आकड्यात तीन दशांश स्थळे छापणे सोपे असते. घमेले बदलणे अवघड जाते.

नमुना कोठून घेतला, हेही पाहावे लागते. केंद्र सरकारने २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू केली आणि सामू, क्षार व सेंद्रिय कर्ब यांच्यासह एकूण बारा गोष्टी त्या पत्रिकेवर आल्या. त्यांत पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये होती. ही चांगलीच गोष्ट झाली. त्यापूर्वी बहुसंख्य शेतकऱ्यांना आपल्या मातीतले बोरॉन किती हे विचारायचीही सोय नव्हती. परंतु पहिल्या फेऱ्यांत बागायती भागात अडीच हेक्टरांच्या चौकोनातून एक, आणि जिरायती भागात दहा हेक्टरांच्या चौकोनातून एक नमुना घेतला जात असे. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. त्यात कित्येक खातेदारांच्या जमिनी येतात. एकाने दरवर्षी शेणखत घातलेले असते, दुसऱ्याने वीस वर्षांत एक गाडीही घातलेली नसते. अशा नमुन्याने तालुक्याचे, जिल्ह्याचे चित्र चांगले कळते. देशातील दोन लाखांहून अधिक नमुन्यांच्या पाहणीतून, भारतातील एकतृतीयांशाहून अधिक मातींत जस्त उणे आहे, असे याच रीतीने समजले. पण ‘माझ्या शेतातल्या खताने माझ्या जमिनीतले जस्त कमी झाले का’ याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही. ते मिळेल अशी अपेक्षा धरणे हा पत्रिकेवर अन्याय आहे.

मग ते कोठे मिळते? ते मिळते दीर्घकालीन खतप्रयोगांच्या वाफ्यांत. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने १९७० साली देशातील वेगवेगळ्या मातींवर असे प्रयोग एकाच आराखड्याने सुरू केले. आराखडा साधा आहे. एका वाफ्याला काहीच नाही. दुसऱ्याला फक्त नत्र. तिसऱ्याला नत्र आणि स्फुरद. पुढे नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही; शिफारशीच्या निम्मे, पूर्ण आणि दीडपट. एकाला तिन्हींबरोबर जस्त, एकाला तिन्हींबरोबर शेणखत. असे अनेक वाफे, आणि दरवर्षी त्याच वाफ्याला तेच. आपल्या अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या काळ्या जमिनीत १९८८ च्या सुमारास ज्वारी-गव्हावर असा प्रयोग सुरू झाला. कोइमतूरचा जुना खतप्रयोग तर १९०९ पासूनचा आहे.

या वाफ्यांनी काय सांगितले? वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांना आवडणार नाही असे पुष्कळ काही. हिमाचल प्रदेशातील पालमपूरला मूळच्याच आम्ल जमिनीत ज्या वाफ्याला वर्षानुवर्षे फक्त नत्र मिळाले, त्यातील मका आणि गहू यांचे उत्पादन अखेर शून्यावर आले. अमोनियायुक्त आणि युरियासारख्या खतांतल्या नत्राचे मातीत नायट्रेट होताना आम्लता वाढते, आणि ती तेथे पिकाला सोसली नाही. ‘पोते घाला आणि पीक मोजा’ म्हणणाऱ्यांनी हा वाफा जरूर पाहावा. पण त्या आम्ल मातीत डीटीपीएने निघणारे लोह व मंगल घटण्याऐवजी वाढते, कारण आम्लतेत ते अधिक विरघळतात. ‘खताने सगळे संपले’ म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे.

उपलब्ध जस्ताच्या बाबतीत, नत्र-स्फुरद-पालाश भरपूर आणि जस्त मुळीच नाही अशा वाफ्यांत, अनेक केंद्रांवर आकडा हळूहळू खाली उतरला. पीक वाढले, उपसा वाढला, झरा तेवढाच राहिला. शेणखत मिळालेल्या वाफ्यांत तो बहुधा टिकून राहिला किंवा वाढला. शेणखतात जस्त असते खरे; पण त्याहून मोठी गोष्ट ही की, कुजताना तयार होणारी सेंद्रिय आम्ले डीटीपीएप्रमाणेच धातूंना नांग्यांत पकडून मुळांपर्यंत मोकळे ठेवतात. आणि ज्या वाफ्याला दरवर्षी जस्त मिळाले तेथे? तेथे ते साचत गेले, इतके की पुढे दरवर्षी घालण्याची गरजच उरली नाही. हेही गणित करून पाहा. हेक्टरी २५ किलोग्रॅम झिंक सल्फेट, त्यात २१ टक्के जस्त, म्हणजे सव्वापाच किलोग्रॅम. पिकाचा वर्षाचा उपसा आपण अर्धा किलोग्रॅम धरला होता! दुकानदाराच्या सांगण्यावरून दर हंगामाला सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण विकत घेणाऱ्या शेतकऱ्याला हा आकडा कोणी सांगितला आहे काय?

पंजाबातली हकीकत तर रहस्यकथेसारखी आहे. तेथील रेताड जमिनींत पूर्वी भात नव्हता. ओलिताची सोय झाल्यावर भात-गहू अशी जोडी आली. काही वर्षांनी, १९८० च्या सुमारास, गव्हावर मंगलाची उणीव दिसू लागली. पुष्कळांना वाटले असेल की खताने मंगल खाल्ले. खरा गुन्हेगार निघाला पाणी. भाताच्या खाचरात पाणी साचले की मातीत प्राणवायू उरत नाही, मंगलाचे संयुग बदलून ते विरघळते, आणि रेताड मातीतून पाण्याबरोबर मुळांच्या आवाक्याखाली निघून जाते. मागाहून येणारा गहू उपाशी राहतो. याच पंजाबात झिंक सल्फेटचा वापर रूढ झाल्यावर जस्ताची उणीव मात्र पूर्वीपेक्षा कमी होत गेली. एकाच मातीत एक द्रव्य चढते, दुसरे उतरते. ‘जमीन खराब झाली’ या तीन शब्दांत हे कसे बसणार?

(जाता जाता गंधकाविषयी. सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरदाबरोबर सुमारे ११ टक्के गंधक असते. डीएपी खतात ते नसते. शेतकऱ्याने स्फुरद अधिक म्हणून डीएपी पसंत केले आणि फुकट मिळणारे गंधक बंद झाले. येथे नुकसान झाले ते खत घातल्याने झाले की एक विशिष्ट खत सोडल्याने, याचा विचार तुम्हीच करा.)

अशा प्रयोगांचा आद्य नमुना इंग्लंडमध्ये, लंडनच्या उत्तरेस रॉथमस्टेड येथे आहे. तेथील ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात जॉन लॉज आणि हेन्री गिल्बर्ट यांनी १८४३ साली गव्हाचा प्रयोग सुरू केला. तो आजही चालू आहे. मला त्या शेताहून अधिक मोल वाटते ते तेथल्या बाटल्यांचे. माती, धान्य आणि काड यांचे नमुने त्यांनी बाटल्यांत व डब्यांत जपून ठेवले. आज तेथे असे सुमारे तीन लाख नमुने आहेत. १८५० साली कॅडमियम या विषारी धातूचा विचार मातीच्या संदर्भात कोणाच्या मनातही नव्हता. पण १९८७ साली शास्त्रज्ञांनी जुन्या बाटल्या उघडल्या आणि दाखविले की, तेथील मातीत कॅडमियम दीड शतकात वाढत गेले, आणि काहीच खत न घातलेल्या वाफ्यांतही वाढले. ते कारखान्यांच्या धुरातून, हवेतून उतरले होते. तो रिकामा वाफा नसता, तर सगळा दोष खतावर जाऊन पडला असता.

२००८ साली याच बाटल्यांतून आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती थेट तुमच्या-आमच्या ताटाशी संबंधित आहे. ब्रॉडबाल्कच्या गव्हाच्या दाण्यातील जस्त, लोह आणि तांबे यांचे प्रमाण १८४५ पासून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ स्थिर होते. त्यानंतर ते घसरू लागले. मातीत या धातूंचे प्रमाण तर घटलेले नव्हते! बदलले होते ते वाण. आखूड काडाचे, भरघोस धान्याचे नवे गहू आले, आणि तेवढेच जस्त अधिक दाण्यांत वाटले गेले. म्हणजे मातीचा आकडा ठीक असूनही पोळीतले जस्त कमी होऊ शकते. मुलांच्या वाढीला जस्त किती लागते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी म्हणूनच माती आणि धान्य दोन्ही मोजण्याचा आग्रह धरला पाहिजे.

असे प्रयोग चालविणे हे कंटाळवाणे काम आहे. त्यात दरवर्षी नवा शोध लागत नाही. वीस वर्षे एकच वाफा पेरायचा, कापायचा, तोलायचा. अनुदान देणाऱ्याला नावीन्य हवे असते. तरुण संशोधकाला दोन-तीन वर्षांत प्रबंध पुरा करायचा असतो. शहर वाढले की प्रयोगक्षेत्राच्या जागेवर इमारतीची नजर जाते. आणि एक वर्ष जरी वाफ्यांची सरमिसळ झाली, तरी आधीची तीस वर्षे पुसली जातात. पैसे ओतून ती परत आणता येत नाहीत. लाखो पत्रिका छापण्याचा खर्च वाईट आहे असे मी म्हणत नाही. परंतु प्रत्येक जिल्ह्यात, तेथल्या मातीवर, तेथल्या पिकांचा असा एक प्रयोग आणि त्याच्या मातीचे बाटलीघर उभे राहिले, तर त्या पत्रिकांवरील आकड्यांना अर्थ येईल. त्यासाठी लागणारा पैसा पत्रिकांच्या मानाने थोडा आहे. चिकाटी मात्र पुष्कळ लागेल.

शाळेलाही यात काही करता येण्यासारखे आहे. शाळेच्या बागेत, किंवा एखाद्या शेतकऱ्याच्या संमतीने त्याच्या शेतात, दोन पट्टे आखावे. एकात नेहमीची खते, दुसऱ्यात काहीच नाही. जागा हलू नये म्हणून कोपऱ्यांना दगड पुरावे. दरवर्षी मे महिन्यात, पावसापूर्वी, प्रत्येक पट्ट्यातील आठ-दहा जागांची १५ सेंटिमीटरपर्यंतची माती लाकडी खुंट्याने काढून, एकत्र कालवून, सावलीत वाळवावी. अर्धी माती जवळच्या माती परीक्षण प्रयोगशाळेकडे पाठवावी, आणि शक्यतो दरवर्षी त्याच प्रयोगशाळेकडे. दोनच पट्ट्यांवरून शास्त्रीय निष्कर्ष काढता येणार नाही, त्यासाठी प्रत्येक प्रकारचे अनेक पट्टे लागतात, हे मुलांना आधीच सांगावे. उरलेली माती ठेवून द्यावी. आज दहावीत असलेल्यांची मुले त्याच शाळेत येतील, तेव्हा ती कोणत्या द्रव्याविषयी प्रश्न विचारतील हे आपल्याला आज ठाऊक नाही.

बाटली काचेची किंवा जाड प्लॅस्टिकची असावी. पत्र्याचे झाकण आणि रबरी बूच नको. झाकणावर मेण ओतावे. चिठ्ठी दोन प्रतींत करावी, एक बाहेर चिकटविण्यासाठी आणि एक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आत टाकण्यासाठी. ती शिसपेन्सिलीने लिहावी, कारण शाई दहा वर्षांत उडते. तिच्यावर गाव, गट क्रमांक, पट्टा, खोली, तारीख, त्या वर्षी घेतलेले पीक आणि घातलेल्या प्रत्येक खताचे वजन लिहावे; आणि काहीच घातले नसेल तर ‘काही नाही’ असेही लिहावे.